इंधनाचें वय

कोल्हापुरांतील शिवाजी पेठेंत कोणत्याहि मध्यम स्थितीच्या घरीं सकाळीं सातच्या सुमारास तीन ज्योती पेटलेल्या असतात. देवघरांत तुपाचें निरांजन तेवत असतें. स्वयंपाकघरांत गॅसच्या शेगडीवर चहाचें आधण उकळत असतें. आणि दारांत, कॉलेजास निघालेल्या मुलानें सुरू केलेल्या मोटारसायकलीच्या पोटांत, पेट्रोलचे लहान लहान स्फोट होत असतात. ही तिसरी ज्योत डोळ्यांना दिसत नाहीं, कारण ती धातूच्या नळकांड्यांत बंद असते. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीनें तीहि ज्योतच होय. घरांतील मंडळींना या तीन ज्योतींत किंमतीखेरीज फारसा भेद वाटत नाहीं. तिन्ही उष्णता देतात, तिन्हींना हवा लागते, आणि तिन्हींपासून शेवटीं तींच दोन द्रव्यें निघतात. तथापि त्यांच्यांत एक मोठा भेद आहे, आणि तो भेद वयाचा आहे. निरांजनांतील तूप ज्या गवतापासून झालें तें फार तर वर्षापूर्वीं उगवलेलें असेल. शेगडींतील वायु आणि मोटारसायकलींतील पेट्रोल हीं मात्र मनुष्य पृथ्वीवर येण्याच्या कोट्यवधि वर्षें आधीं तयार होऊन राहिलीं आहेत. आतां त्या पेट्रोलमध्यें उंसापासून काढलेलें इथेनॉलहि मिसळलेलें असतें, म्हणजे एकाच टाकींत अतिवृद्ध आणि अगदीं तरुण अशीं दोन इंधनें शेजारीं शेजारीं राहूं लागलीं आहेत. त्यांच्यांतील भेद कशांत आहे, आणि तरुण इंधन जाळल्यानें खरोखर किती लाभ होतो, हा प्रश्न प्रत्येक घरानें समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम जळणें म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. इंधन कोणतेंहि असो, त्यांत दोन मूलद्रव्यें मुख्य असतात. एक कर्ब, ज्यास कार्बन म्हणतात. दुसरें उज्ज, म्हणजे हायड्रोजन. हीं दोन हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतात तेव्हां उष्णता सुटते. उज्जाचें पाणी होतें व तें वाफेच्या रूपानें निघून जातें. कर्बाचा कर्बद्विप्राणिद, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायु होतो. थंड पातेलें गॅसवर ठेवतांच त्याच्या बाहेरच्या अंगावर क्षणभर दंव धरल्यासारखें दिसतें, तें गॅसमधील उज्जापासून नुकतेंच जन्मलेलें पाणी होय. कर्बद्विप्राणिदाला मात्र रंग नाहीं, वास नाहीं, धूर नाहीं. म्हणून त्याची आठवण कोणास राहत नाहीं.

पेट्रोल हें एकच एक द्रव्य नव्हे. कर्बाच्या चारपासून बारापर्यंत अणूंच्या साखळ्या अगर कड्या, आणि त्यांना चहूंकडून चिकटलेले उज्जाचे अणु, अशा अनेक द्रव्यांचें तें मिश्रण असतें. ऑक्टेन हें त्यांतील नमुन्यादाखल घेतां येईल. त्याच्या एका रेणूंत आठ अणु कर्बाचे व अठरा उज्जाचे असतात. एक लिटर पेट्रोलचें वजन सुमारें पाऊण किलो भरतें. परंतु तें जळल्यावर निघणाऱ्या कर्बद्विप्राणिदाचें वजन केलें तर तें सुमारें २.३ किलो होतें. पाऊण किलोंतून सव्वादोन किलोहून अधिक कसें निघालें, असें कोणासहि वाटेल. याचें उत्तर सोपें आहे. जळतांना कर्बाचा प्रत्येक अणु हवेंतून प्राणवायूचे दोन अणु उचलतो, आणि त्या दोहोंपैकीं प्रत्येक अणु कर्बाच्या अणूहून भारी असतो. टाकींत ओतलेल्या मालाच्या तिप्पट वजनाचा माल मोटारसायकल हवेंत सोडीत जाते, आणि तो कोणाच्या नजरेस पडत नाहीं.

आतां ही उष्णता इंधनांत आली कोठून? तिचा उगम एकच, तो म्हणजे सूर्य. हिरवें पान हवेंतील कर्बद्विप्राणिद घेतें, मुळांनीं आणलेलें पाणी घेतें, आणि सूर्यप्रकाशाच्या बळानें त्यांची मोडतोड करून साखर बनवितें. उरलेला प्राणवायु हवेंत परत सोडतें. साखरेपासून मग काष्ठ, पिष्ट, तेल, चरबी हीं सर्व होतात. जळणें ही या कृतीची बरोबर उलट कृति आहे. पानानें जें महिन्यां-महिन्यांनीं जोडलें तें ज्योत क्षणांत सोडविते, आणि साठविलेलें ऊन्ह उष्णता होऊन बाहेर पडतें. या दृष्टीनें पाहतां तूप, लांकूड, कोळसा, पेट्रोल हीं सर्व उन्हाचींच निरनिराळीं रूपें आहेत. प्रश्न एवढाच राहतो कीं तें ऊन्ह कोणत्या काळचें.

खनिज तेल हें समुद्राचें देणें आहे. उथळ समुद्रांत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पति व प्राणी मरून तळाशीं जातात. बहुतेक तेथेंच कुजतात, व त्यांचा कर्ब पुन्हां हवेंत येतो. परंतु जेथें तळाच्या चिखलांत प्राणवायु नसतो तेथें त्यांतील स्निग्ध भाग न कुजतां गाळाखालीं गाडला जातो. गाळावर गाळ चढत जातो, थर खोल जातात, उष्णता वाढते. सुमारें ६० ते १२० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत लाखों वर्षें मुरल्यावर त्या स्निग्ध द्रव्यांतील प्राणवायु निघून जातो व कर्ब-उज्जाच्या साखळ्या मागें उरतात. तेंच खनिज तेल. याहून अधिक उष्णता लागली तर साखळ्या तुटून वायु होतो. ज्या बॉम्बे हाय क्षेत्रांत १९७४ सालीं तेल सांपडलें व १९७६ पासून तें काढण्यास आरंभ झाला, तेथील तेल अशाच गाळापासून झालेलें असून त्या गाळाचें वय पांच-सहा कोटि वर्षांच्या घरांतलें आहे. अरबस्तानांतील पुष्कळ तेल त्याहून दुपटी-तिपटीनें जुनें आहे. चंद्रपूरकडील दगडी कोळसा तर पंचवीस कोटि वर्षांहूनहि जुन्या अरण्यांचा आहे. तो समुद्रांत नव्हे, दलदलींत गाडलेल्या झाडांपासून झाला.

कोल्हापूरच्या भूमीच्या वांट्यास यांतील कांहींहि आलें नाहीं. तिच्या खालीं आहे तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखींनीं ओतलेला काळा फत्तर. त्यांत कोळसा नाहीं व तेलहि नाहीं. परंतु त्याच फत्तराच्या झिजेंतून झालेली काळी माती, सह्याद्रीवरून येणारें पाणी आणि पंचगंगेचें खोरें यांनीं येथें उंसाचें राज्य निर्माण केलें. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक निर्देशांकाची अधिकृत नोंद मिळाली, ती या मातीचीच पावती म्हणावी. ऊंस हें कर्ब गोळा करणारें एक विलक्षण यंत्र आहे. सुरू ऊंस बारा महिन्यांचा, आडसाली सोळा-अठरा महिन्यांचा; तेवढ्या अवधींत माणसाच्या दुप्पट उंचीचा जो हिरवा समूह उभा राहतो त्याचा कर्ब मातींतून आलेला नसतो. तो सारा हवेंतून आलेला असतो. शिवाजी पेठेंतल्या निरांजनांतून अगर मोटारसायकलींतून निघालेला एखादा अणु पुढच्या हंगामांत शिरोळ वा कागलच्या उंसांत जाऊन बसला असेल, असें म्हटल्यास तें केवळ कल्पनाविलास होणार नाहीं.

उंसाच्या रसांतील साखरेचें मद्यार्कांत रूपांतर करणारा कारागीर म्हणजे यीस्ट हा सूक्ष्म जीव. तो प्रथम साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करितो. प्रत्येक तुकड्यांत कर्बाचे सहा अणु असतात. अशा एका तुकड्यापासून मद्यार्काचे, म्हणजे इथेनॉलचे, दोन रेणु व कर्बद्विप्राणिदाचे दोन रेणु होतात. वजनाचा हिशेब केला तर १८० भाग साखरेंतून ९२ भाग मद्यार्क व ८८ भाग वायु असा जमाखर्च जुळतो. जवळ जवळ अर्धें वजन बुडबुड्यांच्या रूपानें उडून जातें, हें पाहून ही कृति उधळपट्टीची आहे असें वाटण्याचा संभव आहे. वस्तुत: तसें नाहीं. मूळच्या साखरेंत जेवढी उष्णता साठलेली होती तिच्यापैकीं शेंकडा सत्त्याण्णव या निम्म्या वजनाच्या मद्यार्कांत उतरते. यीस्ट वजन टाकून देतें, पण ऊन्ह राखतें. घन साखर यंत्राच्या नळ्यांतून वाहूं शकत नाहीं. मद्यार्क वाहतो, उडतो आणि ठिणगी पडतांच पेटतो. इंधन या नात्यानें त्याचें महत्त्व यांतच आहे.

कारखान्यांत हें निरनिराळ्या मार्गांनीं होतें. एक टन उंसांतून साखर काढून घेतल्यावर जी शेवटची मळी राहते ती साधारणत: चाळीस-पंचेचाळीस किलो असते, तिच्यापासून दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळतें. साखर न काढतां सर्व रसच आंबविला तर त्याच टनापासून सुमारें सत्तर लिटर मिळतें. मात्र मग साखर मिळत नाहीं. आंबलेल्या रसांत मद्यार्क थोडा व पाणी फार असतें, म्हणून तो ऊर्ध्वपातनानें वेगळा करावा लागतो. येथें निसर्ग एक अडसर घालतो. वजनानें शेंकडा ९५.६ भाग मद्यार्क झाला कीं उरलेलें पाणी त्याच्याबरोबरच उकळूं लागतें. कितीहि उकळलें तरी वेगळें होत नाहीं. पेट्रोलमध्यें मिसळावयाचा मद्यार्क तर जवळ जवळ निर्जल असला पाहिजे. म्हणून त्याची वाफ झिओलाइट नांवाच्या खनिजाच्या खड्यांतून नेतात. या खड्यांतील छिद्रें इतकीं बारीक असतात कीं त्यांत पाण्याचा रेणु शिरतो, मद्यार्काचा शिरत नाहीं. रेणूंची ही चाळणी भरली कीं ती कोरडी करून पुन्हां वापरतात.

कारखान्यांतून आलेला हा मद्यार्क आणि खनिज तेलाच्या वायूपासून कृत्रिम रीतीनें केलेला मद्यार्क यांत रसायनदृष्ट्या तिळमात्र फरक नसतो. वास तोच, उकळण्याचा अंश तोच, ज्योतहि तीच. तरीसुद्धां त्यांचें वय ओळखतां येतें. वातावरणाच्या वरच्या थरांत विश्वकिरणांच्या माऱ्यानें थोडा किरणोत्सर्गी कर्ब सतत निर्माण होत असतो. त्यास कार्बन-१४ म्हणतात. जिवंत वनस्पति तो हवेंतून घेतात, आणि मेल्यावर तो हळूहळू नाहींसा होत जातो. दर ५,७३० वर्षांनीं निम्मा राहतो. विलर्ड लिबी या अमेरिकन शास्त्रज्ञानें यावरून वय काढण्याची रीत बसविली, व त्याबद्दल त्याला १९६० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. उंसाच्या मद्यार्कांत हा कर्ब आजच्या हवेंत असतो तितकाच आढळतो. पेट्रोलमध्यें तो मुळींच नसतो, कारण कोट्यवधि वर्षांत त्याचा मागमूसहि राहिलेला नाहीं. याच कारणामुळें पुराण इंधनें जाळूं लागल्यापासून सबंध पृथ्वीच्या हवेंत या कर्बाचें प्रमाण पातळ होत गेल्याचें शास्त्रज्ञांना आढळलें. हवेंत वाढलेला कर्ब जुना आहे, तो पुराण इंधनांतून आला आहे, याचा हा एक सबळ पुरावा होय.

वाढ किती झाली? यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत कर्बद्विप्राणिदाचे सुमारें २८० भाग होते. १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हां ते सुमारें ३१५ होते. आतां ते ४२० च्या पुढें गेले आहेत. हा वायु पृथ्वीवरून आकाशाकडे जाणारी उष्णता अडवितो, आणि तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते. दर अंशामागें सुमारें शेंकडा सात. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन महापुरांत पंचगंगेनें कोल्हापुरास काय दाखविलें तें कोणी विसरलेलें नाहीं. एखाद्या पुराचें कारण एवढें एकच, असें म्हणणें शास्त्रास धरून होणार नाहीं. धरणांचें नियोजन, नदीच्या पात्रांतील बांधकामें, भूमीचा उतार हींहि कारणें असतात. परंतु अधिक बाष्प धरणारी हवा अधिक जोराचा पाऊस पाडूं शकते, ही गोष्ट निर्विवाद आहे. इंधनाच्या वयाचा प्रश्न यामुळें केवळ प्रयोगशाळेचा न राहतां घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपतो.

मोटारीस मद्यार्क पाजण्याची कल्पना नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई पडली तेव्हां हिंदुस्थानांत अनेक मोटारींच्या पाठीशीं कोळशाच्या भट्ट्या बसवून त्यांच्या वायूवर त्या चालविल्या गेल्या. मळीच्या मद्यार्काचा विचारहि त्याच काळीं जोरांत आला, आणि १९४८ सालीं इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट हा कायदा झाला. पुढें स्वस्त खनिज तेल मिळूं लागतांच तो विचार मागें पडला. अर्ध्या शतकानंतर, २००१ सालीं, इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे जे पहिले सरकारी प्रयोग झाले त्यांतील एक कोल्हापूरच्या शेजारींच, मिरजेस झाला. दुसरा मनमाडास व तिसरा उत्तर प्रदेशांत बरेलीस. २००३ सालीं कांहीं राज्यांत शेंकडा पांच भाग मिश्रणाचा उपक्रम सुरू झाला. जून २०२२ मध्यें देशांत सरासरी शेंकडा दहा भागांचें लक्ष्य गांठलें गेलें, आणि २०२५ सालीं शेंकडा वीस भागांचें. आपल्या देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा पंच्याऐंशींहून अधिक परदेशांतून येतें, हें लक्षांत घेतां या घाईचें कारण समजण्यासारखें आहे.

मिश्रणाविषयीं घरोघर ज्या तक्रारी ऐकूं येतात त्यांचा उलगडाहि रसायनशास्त्रच करितें. इथेनॉलच्या रेणूंत कर्बाचे दोन, उज्जाचे सहा आणि प्राणवायूचा एक अणु असतो. प्राणवायु आधींच आंत बसलेला आहे, याचा अर्थ हें द्रव्य अंशत: जळून गेल्यासारखेंच आहे, म्हणून एका लिटरामागें तें पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश उष्णता देतें. शेंकडा वीस भाग मिश्रणांत त्यामुळें लिटरामागची उष्णता शेंकडा सहा-सातानें कमी होते. गाडी पूर्वींइतकी धांवत नाहीं ही तक्रार म्हणूनच सर्वस्वीं भ्रामक नव्हे. उलट पक्षीं, इथेनॉल दाबाखालीं अकालीं पेटत नाहीं, म्हणजे त्याचा ऑक्टेन अंक उंच असतो. त्यास अनुरूप यंत्र बनविलें तर तुटीपैकीं कांहीं भाग भरून काढतां येतो. इथेनॉल पाण्याशीं सहज मिसळतें, म्हणून टाकींत पाणी शिरलें तर तें पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाशीं जातें. कांहीं प्रकारच्या रबरास तें फुगवितें. एप्रिल २०२३ पासून गाड्यांचे भाग या मिश्रणास टिकतील असे करण्यांत येऊं लागले. त्यापूर्वींच्या जुन्या गाड्यांच्या नळ्या व चकत्या वेळोवेळीं तपासून घेणें शहाणपणाचें.

आतां मुख्य प्रश्न. उंसानें गेल्या वर्षीं हवेंतून घेतलेला कर्ब यंदा हवेंत परत गेला, तर जमाखर्च शून्य होतो, आणि हवेंत नवी भर पडत नाहीं. हा विचार बरोबर आहे, परंतु अपुरा आहे. कारण ऊंस वाढवितांना, तोडतांना, वाहतांना व त्याचा रस शिजवितांना दुसरें इंधन किती व कोणतें जाळलें, हें त्यांत धरलेलें नाहीं. मद्यार्क पाण्यापासून वेगळा करण्यास पुष्कळ उष्णता लागते. ती उष्णता दगडी कोळशाची असेल, तर तरुण इंधनाच्या पोटांत वृद्ध इंधन लपलेलें आहे असेंच म्हणावें लागेल.

या बाबतींत कोल्हापूरच्या गुऱ्हाळानें फार पूर्वींच एक धडा घालून ठेवला आहे. दिवाळीनंतर करवीर तालुक्यांत कोठेंहि गुऱ्हाळावर गेलें तर तो पाहावयास मिळतो. घाण्यांतून एका बाजूस रस निघतो व दुसऱ्या बाजूस चिपाड. रस काहिलींत जातो. चिपाड उन्हांत वाळवून त्या काहिलीखालच्या चुलवाणांत जातें. गुळव्या काहिलीवर नजर ठेवून असतो व त्याच्या इशाऱ्याबरोबर खालीं जाळ कमीअधिक होतो. उंसाचा रस उंसाच्याच जाळावर आटतो. बाहेरचें जळण फारसें लागत नाहीं. साखर कारखान्यांतहि हेंच तत्त्व आहे. एक टन उंसामागें पाव टनाहून अधिक चिपाड, ज्यास तेथें बगॅस म्हणतात, मिळतें. त्याच्या जाळावर वाफ होते, यंत्रें चालतात, आणि अनेक कारखाने उरलेली वीज विकतात. उंसाचें इथेनॉल हिशेबांत चांगलें ठरतें तें मुख्यत: या चिपाडामुळें. मक्याच्या दाण्याबरोबर असें जळण कारखान्यांत येत नाहीं. तेथें कोळसा वापरला तर लाभाचा मोठा भाग धुराड्यांतून निघून जातो. आज आपल्या देशांत इथेनॉलसाठीं मक्याचा वापर फार वाढला असल्यानें ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

शेतांतील जमाखर्चहि पाहिला पाहिजे. उंसास घातला जाणारा युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, म्हणजे तेंहि पुराण इंधनच. शिवाय जमिनींतील जंतु त्या युरियाचा कांहीं अंश नायट्रस ऑक्साइड या वायूंत बदलतात, आणि वजनास वजन धरलें तर हा वायु कर्बद्विप्राणिदाच्या सुमारें २७० पट उष्णता अडवितो. मूठभर जास्त टाकलेलें खत अशा रीतीनें पुष्कळ पुण्य खाऊन टाकतें. पाण्याचा हिशेब याहून कडक आहे. नीति आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालांत उंसापासून एक लिटर इथेनॉल करण्यामागें सुमारें २,८६० लिटर पाणी लागतें असें दिलें आहे. कोल्हापूरच्या ओल्या खोऱ्यांत हें पाणी खुपत नाहीं. मराठवाड्यांतील कोरड्या विहिरींच्या प्रदेशांत तें खुपतें. २०२३ सालीं पाऊस कमी पडल्यावर डिसेंबरांत सरकारनें उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, व पुढच्या हंगामासाठीं ते उठविले. जेवणाची साखर आणि गाडीचें इंधन एकाच शेतांतून येत असल्याचा तो रोकडा दाखला होता.

मद्यार्क काढल्यावर राहणारें काळपट पाणी हा आणखी एक प्रश्न. एका लिटरामागें तें आठ ते पंधरा लिटर निघतें. त्यांतील सेंद्रिय द्रव्य नदींत गेलें तर तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपवून टाकतें, आणि मासे गुदमरतात. पंचगंगेच्या दूषित पाण्याचा प्रश्न कोल्हापुरास पुष्कळ वर्षें छळीत आहे. गांवोगांवचें सांडपाणीहि त्यास कारण आहे. परंतु तेंच काळें पाणी बंद टाकींत आंबविलें तर मिथेन वायु देतें, व तो बॉयलरखालीं जाळतां येतो. उरलेल्यांत पालाश असतें, तें शेतास उपयोगी पडतें. जें नदींत विष तेंच टाकींत इंधन, एवढा फरक केवळ व्यवस्थेनें पडतो.

तरुण इंधनाच्या मर्यादाहि स्पष्ट आहेत. शेंकडा वीस भाग मिश्रण म्हणजे एक-पंचमांश पेट्रोल वांचलें असें वाटतें. पण इथेनॉलची उष्णता कमी असल्यानें प्रत्यक्षांत टाकींतील उष्णतेपैकीं सुमारें शेंकडा चौदाच उंसाची असते. हिरव्या पानाची साठवणहि फार मोठी नाहीं. वर्षभर शेतावर पडलेल्या उन्हापैकीं ऊंसासारखें उत्तम पीकहि शेंकडा एकाच्या आसपासच धरून ठेवतें. छपरावरचा सौर पत्रा शेंकडा वीसच्या घरांत वीज देतो. सगळीं वाहनें उंसावर चालविण्याचा विचार म्हणूनच भूमीच्या मापांत बसत नाहीं. जें पीक आधींच आहे त्याचा टाकाऊ भाग वापरणें यांत मात्र पुष्कळ वाव आहे. तोडणीनंतर शेतांत राहणारें पाचट अजूनहि अनेक ठिकाणीं जाळून टाकतात. पुण्याच्या आरती या संस्थेनें त्या पाचटापासून स्वयंपाकाचा कोळसा करण्याची रीत बसविली, आणि २००२ सालीं तिला त्यासाठीं ॲशडेन पारितोषिक मिळालें.

पाचट, काड आणि चिपाड यांपासून इथेनॉल करण्यांतील अडचण मोठी मनोरंजक आहे. भाताचा दाणा व भाताचें काड हीं दोन्ही बह्वंशीं ग्लुकोज या एकाच साखरेचीं बनलेलीं असतात. दाण्यांत ग्लुकोजचे रेणु ज्या वळणानें जोडलेले असतात त्या वळणानें ते सहज सुटतात. काडांत तेच रेणु उलटसुलट वळणानें जोडलेले असल्यानें त्यांचे सरळ धागे होतात, धागे एकमेकांस घट्ट बिलगतात, आणि वरून काष्ठद्रव्याचा लेप असतो. म्हणून भात माणसास पचतो व काड पचत नाहीं. गाईम्हशींच्या पोटांतील जंतु तें कुलूप उघडतात. कारखान्यांत तेंच काम आम्ल, वाफ व जंतूंपासून मिळविलेली पाचकद्रव्यें यांच्याकडून करवून घेतात. ऑगस्ट २०२२ मध्यें पानिपत येथें भाताच्या काडापासून इथेनॉल करणारा असा एक कारखाना राष्ट्रास अर्पण झाला. ही कृति अद्याप खर्चाची आहे. परंतु तींत माणसाच्या ताटांतलें कांहीं जात नाहीं.

शिवाजी पेठेंतल्या त्या घराकडे पुन्हां वळूं गेल्यास तिन्ही ज्योतींचा हिशेब आतां मांडतां येतो. निरांजनांतील कर्ब वर्ष-दोन वर्षांत हवेंतून येऊन हवेंत जातो, व त्याचें मापहि चिमूटभर. शेगडींतील वायु कोट्यवधि वर्षांपूर्वींचा आहे. तो जळला कीं हवेंत नवी भर पडते, मात्र चुलीच्या धुरापासून गृहिणीचे डोळे व फुप्फुसें त्यानें वांचविलीं आहेत, हेंहि त्याच्या बाजूनें मांडलें पाहिजे. मोटारसायकलीच्या टाकींत आतां दोन्ही वयांचा कर्ब आहे. त्यांतील तरुण भाग किती खरा, हें पंपावरील पाटी सांगूं शकत नाहीं. तो मूळचा कोठला, आणि तो तयार करितांना काय जळलें व किती पाणी लागलें, या दोन प्रश्नांचीं उत्तरें शेतांत व कारखान्याच्या बॉयलरखालीं सांपडतात. आणि मुलगा जवळच्या कामास रंकाळ्याच्या कडेनें पायीं गेला, तर त्याला लागणारें इंधन न्याहारीच्या भाकरींतून आलेलें असतें. तें गेल्या हंगामाचें, आणि त्यासाठीं वेगळें शेत राखावें लागत नाहीं.